हात रुग्णावर बसू नये: शस्त्रक्रिया-प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर घडवण्याची आणि वापरण्याची पद्धत

शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या विभागात सिम्युलेटर, म्हणजे रुग्णाऐवजी ज्यावर सराव करायचा ते साधन, बहुतेक वेळा उलट्या वाटेने येतो. आधी यंत्राची खरेदी होते, नंतर त्याला खोली मिळते, त्या खोलीची किल्ली कोणाकडे राहणार यावर चर्चा होते, आणि विद्यार्थ्याने त्यावर नेमके काय शिकायचे हा प्रश्न शेवटी विचारला जातो किंवा विचारलाच जात नाही. मी पाहिलेल्या एका विभागात महागडे यंत्र वर्षभर आच्छादनाखाली पडून होते आणि त्याच मजल्यावरचे निवासी डॉक्टर खुर्चीच्या दांडीला दोरा बांधून गाठी मारण्याचा सराव करत होते. त्या दोऱ्याचा उपयोग यंत्रापेक्षा अधिक होता, कारण आपल्याला काय येत नाही हे त्या मुलांना पक्के ठाऊक होते. पुढे मांडलेली पद्धत त्याच टोकापासून सुरू होते: प्रथम चूक शोधावी, तिच्यासाठी प्रतिकृती घडवावी, सराव मोजावा आणि यंत्राचा विचार त्यानंतर करावा.

उदाहरण म्हणून या लेखात मुख्यतः लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, घेतली आहे, आणि त्याला कारण आहे. एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत आणि फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये फ्रान्समधील ल्याँ येथे दुर्बिणीने पित्ताशय काढले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली. सुरुवातीच्या त्या काळात मुख्य पित्तनलिकेला होणाऱ्या इजा उघड्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत वाढल्या. उघड्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या सर्जनांनाही येथे नव्याने शिकावे लागत होते: पडद्यावर खोली दिसत नाही, लांब उपकरणातून ऊतींचा स्पर्श फारच पुसट कळतो, आणि पोटाच्या भिंतीवर उपकरण टेकल्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. यांपैकी एकाही गोष्टीसाठी रुग्णाची गरज नाही. हा हात बाहेर बसवता येतो, हे लक्षात आल्यावरच सिम्युलेटरच्या आधुनिक विकासाला खरी गती मिळाली.

पहिली पायरी: चुकांची यादी करणे

शिकवायची शस्त्रक्रिया निवडावी आणि तिचे टप्प्यांत व टप्प्यांचे हालचालींत विभाजन करावे. हे काम स्मरणावर विसंबून करू नये. अनुभवी सर्जनांना विचारले असता ते अनेक हालचाली सांगायच्या विसरतात, कारण त्या त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात आणि त्यांच्या लेखी ती ‘पायरी’ उरलेलीच नसते. म्हणून शस्त्रक्रियेचे चित्रीकरण लावावे, दोन-तीन सर्जनांना वेगवेगळे बसवावे, दर काही सेकंदांनी चित्र थांबवावे आणि सोबत बसलेल्या नवख्या विद्यार्थ्याला ‘आत्ता डावा हात काय करत होता?’ असे प्रश्न विचारू द्यावेत. डाव्या हाताविषयीचे हे प्रश्न सर्वांत फलदायी ठरतात.

प्रत्येक हालचालीपुढे नवखा माणूस तेथे कोणती चूक करतो ते लिहावे आणि त्या चुका तीन रकान्यांत विभागाव्यात: हाताच्या, नजरेच्या आणि संघाच्या. सुई धारकात तिरकी पकडणे ही हाताची चूक आहे. मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून तिला क्लिप लावणे ही नजरेची, म्हणजे ओळखण्याची चूक आहे. रक्तस्राव सुरू झाल्यावर भूलतज्ज्ञांना न कळवणे ही संघाची चूक आहे. हा भेद केवळ वर्गीकरणाच्या हौसेपोटी केलेला नाही. पित्तनलिकेच्या गंभीर इजा बहुतांशी हात थरथरल्याने नव्हे, तर रचना चुकीची ओळखल्याने होतात. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला ‘क्रिटिकल व्ह्यू’चा, म्हणजे काहीही कापण्याआधी काय दिसले पाहिजे याचा, निकष असा आहे: पित्ताशयाची नळी, यकृताकडून येणारी नलिका आणि यकृत यांमधील त्रिकोणातील चरबी व तंतू साफ झालेले असावेत, पित्ताशयाचा खालचा सुमारे एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला असावा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या केवळ दोनच रचना दिसाव्यात. हा निकष डोळ्यांत भरवायचा असेल तर खोक्यात मणी उचलण्याचा सराव उपयोगी पडत नाही. त्यासाठी चित्रफितींचा संग्रह हवा, ज्यात विद्यार्थ्याने योग्य क्षणी ‘आता कापता येईल’ किंवा ‘अजून नाही’ असे कारणासह सांगायचे असते. हाही सिम्युलेटरच आहे, आणि त्याला विजेवर चालणाऱ्या संगणकापलीकडे काहीही लागत नाही.

दुसरी पायरी: कृतीला जुळणारे साहित्य निवडणे

हाताच्या रकान्यातील चुकांसाठी प्रतिकृती निवडताना बहुतेकांचे लक्ष ती खऱ्यासारखी दिसते का याकडे जाते. येथे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्याय आठवावा. ‘योग्या’ म्हणजे सराव. छेदनासाठी कोहळा, दुध्या भोपळा, काकडी अशी फळे. भेदनासाठी पाण्याने भरलेल्या पखाली व मूत्राशय. खरवडण्यासाठी केसाळ कातडे. वेधनासाठी मृत जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. शलाका फिरवून शोध घेण्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड व बांबू. शिवण्यासाठी जाड कापड आणि मऊ चामडे. पट्ट्या बांधण्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली, अशी योजना तेथे दिली आहे. भोपळा पोटासारखा दिसतो असे तेथे कोणी म्हटलेले नाही. साहित्य निवडले आहे ते कृतीवरून: पखालीच्या भिंतीतून आत शिरताना हाताला जो अचानक सुटल्याचा अनुभव येतो तो महत्त्वाचा, पखालीचा रंग नव्हे.

हाच निकष आजही लावावा. यादीतील प्रत्येक चुकीपुढे, ती चूक घडण्यासाठी आणि टाळण्यासाठी हाताला वा डोळ्याला कोणती खूण मिळावी लागते ते लिहावे, आणि तेवढी खूण देणारे सर्वांत साधे साहित्य घ्यावे. गाठ घट्ट बसली की सैल राहिली हे कळायला दोन कापडी कडा पुरतात. टाका ओढताना ऊती फाटते हे कळायला फाटू शकणारे काहीतरी हवे, आणि तेथे न फाटणारी रबरी नळी विद्यार्थ्याला चक्क चुकीचे शिकवते. नवख्यासाठी दिसण्यातील हुबेहूबपणा अनेकदा अडथळाच ठरतो, कारण त्याचे लक्ष अनावश्यक तपशिलांत विभागले जाते. पुढच्या टप्प्यातील विद्यार्थ्यासाठी मात्र शरीररचनेतील वेगळेपण, चिकटलेल्या ऊती, रक्त या गोष्टींचे महत्त्व वाढते, आणि तेथे प्राण्यांच्या ऊती किंवा मृतदेह यांना अजून तोड नाही. वॉल्टर थील यांनी ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे विकसित करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जतन केलेल्या मृतदेहातील ऊती लवचीक राहतात आणि सांधेही हलतात, त्यामुळे त्यांवर दुर्बिणीचा सराव करता येतो.

तिसरी पायरी: बॉक्स ट्रेनर बांधणे

बॉक्स ट्रेनर म्हणजे झाकण असलेले खोके, झाकणाला उपकरणांसाठी छिद्रे, आत दिवा आणि कॅमेरा, बाहेर पडदा. ते प्लायवूडचे, ॲक्रिलिकचे वा जाड प्लास्टिकचे असू शकते. साहित्यापेक्षा मापे महत्त्वाची आहेत, आणि घरगुती खोक्यांत नेमकी तीच चुकतात.

लॅपरोस्कोपीच्या नेहमीच्या उपकरणाची दांडी साधारण ३३ सेंमी लांब असते. दांडीचा अर्धा भाग आत व अर्धा बाहेर राहिला, तर हाताची हालचाल आणि टोकाची हालचाल जवळपास सारखी होते. आतला भाग कमी राहिला तर टोक फारच थोडे हलते, आणि जास्त गेला तर हाताची छोटी हालचालही टोकाला मोठी होऊन पोहोचते. म्हणून छिद्रापासून लक्ष्यापर्यंतचे अंतर सुमारे १६ सेंमी ठेवावे. दोन उपकरणांमधील कोन सुमारे ६० अंशांचा असावा, असे या विषयातील अभ्यास सांगतात, आणि तेव्हा दोन छिद्रे व लक्ष्य मिळून समभुज त्रिकोण होतो. म्हणजे छिद्रांमधील अंतरही १६ सेंमी येते. उपकरणांचे प्रतल तळाशी साधारण ६० अंशांनी कललेले ठेवायचे, तर लक्ष्याच्या पृष्ठभागापासून झाकण १२ सेंमी उंच हवे आणि लक्ष्य छिद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या ७ सेंमी पुढे ठेवावे. लक्ष्याखाली पट्टी वा फोम ठेवला असेल तर त्याची जाडी या उंचीत धरू नये. ही चूक मी स्वतः पहिल्या खोक्यात केली होती आणि सगळी छिद्रे पुन्हा पाडावी लागली होती.

छिद्रांवर जाड रबराचा तुकडा चिकटवून त्याला फुलीच्या आकाराची चीर द्यावी, म्हणजे दांडी टेकते पण अडकत नाही. कॅमेरा दोन छिद्रांच्या मधोमध, विद्यार्थ्याच्या बाजूने लक्ष्याकडे पाहणारा असावा; तो समोरून लावला तर चित्र उलटे होते आणि विद्यार्थी भलतेच कौशल्य कमावतो. साधा वेबकॅम चालतो, मात्र त्याचा आपोआप फोकस साधणारा आणि उजेड जुळवणारा पर्याय बंद करावा, नाहीतर चकचकीत उपकरण आत येताच चित्र धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होत राहते. कॅमेरा तारेनेच जोडावा. बिनतारी जोडणीत चित्राला होणारा उशीर विद्यार्थ्याला जाणवत नाही, पण त्याच्या हालचाली थांबत-थांबत होऊ लागतात. उशीर तपासण्याची युक्ती सोपी आहे: कॅमेऱ्यासमोर चालू स्टॉपवॉच धरावे आणि ते घड्याळ व पडदा दोन्ही एकाच छायाचित्रात टिपावेत, दोन आकड्यांमधील फरक म्हणजे उशीर. तो एक दशांश सेकंदाच्या आसपास गेला तर कॅमेरा बदलावा.

पडदा विद्यार्थ्याच्या अगदी समोर आणि नजरेच्या रेषेपेक्षा किंचित खाली असावा, बाजूला नव्हे. मेजाची उंची अशी ठेवावी की उपकरणाच्या मुठी कोपराच्या पातळीला येतील. खांदे उचलून तासभर केलेल्या सरावाचा शेवट मानदुखीत होतो, आणि विद्यार्थी दुसऱ्या दिवशी येत नाही.

चौथी पायरी: आतील प्रतिकृती तयार करणे

सुरुवातीच्या सरावासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. अमेरिकेतील ‘एफएलएस’ (फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी) या परीक्षेतील पाच कृती कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्राइड यांच्या गटाने केलेल्या कामातून आल्या आहेत आणि त्यांचा अभ्यासही सर्वाधिक झाला आहे: खुंट्यांवरील वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन हलवणे, कापडी जाळीवर आखलेले वर्तुळ कापणे, तयार फासाने बांधणे, बाहेर गाठ करून आत सरकवणे आणि आतच गाठ मारणे. पहिल्या कृतीत सहा वस्तू एका बाजूच्या खुंट्यांवरून दुसऱ्या बाजूला नेऊन परत आणायच्या असतात. लाकडी पट्टी, खिळे आणि रबरी नळीचे तुकडे यांतून ती दुपारभरात तयार होते.

टाक्यांसाठी त्वचेची प्रतिकृती सिलिकोनची करता येते. वरचा पातळ थर घट्ट सिलिकोनचा, खालचा चरबीचा थर बराच मऊ, आणि दोहोंमध्ये बारीक जाळीचे कापड घालावे. ते कापड नसेल तर पहिलाच टाका सिलिकोन चिरत बाहेर येतो. अवयवांसारखा ओलसर व बुळबुळीत स्पर्श हवा असेल तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे द्रावण साच्यात ओतून गोठवावे व वितळू द्यावे; या चक्राच्या प्रत्येक फेरीनंतर ते अधिक घट्ट होते, त्यामुळे हवा तेवढा टणकपणा साधता येतो. विशिष्ट रुग्णाच्या रचनेवर सराव हवा असल्यास सीटी स्कॅनच्या पातळ छेदांतून अवयवाच्या कडा वेगळ्या करून त्रिमितीय छपाई करता येते. छापलेली वस्तू सहसा कडक असते, म्हणून अवयवाऐवजी त्याचा साचा छापावा आणि त्यात मऊ पदार्थ ओतावा.

एक मर्यादा आधीच माहीत असावी. सिलिकोनमधून वीज वाहत नाही, त्यामुळे विजेने कापण्याचा व रक्त थांबवण्याचा सराव त्यावर होत नाही. त्यासाठी प्राण्यांच्या ऊती किंवा मीठ मिसळलेले पाणीदार जेल लागते, धूर ओढून घेण्याची सोय लागते आणि सोबत देखरेख करणारी व्यक्ती लागते. तसेच सरावासाठी आलेली जुनी उपकरणे आणि मुदत संपलेले टाक्यांचे धागे यांवर ‘केवळ प्रशिक्षणासाठी’ अशी ठळक खूण करावी आणि त्यांचे कपाट शस्त्रक्रियागृहापासून दूर ठेवावे. सुयांची मोजणी येथेही करावी, म्हणजे तीही सवय लागते.

व्हर्च्युअल रिॲलिटीच्या, म्हणजे संगणकाने आभासी शस्त्रक्रिया उभी करणाऱ्या, यंत्राविषयी थोडक्यात. रिचर्ड सटावा यांनी १९९३ मध्ये ही कल्पना शस्त्रक्रियेसाठी मांडली. अशा यंत्रात ऊतींचे रूप बदलणे सतत गणिताने काढावे लागते. डोळ्याला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे पुरतात, पण हाताला टणकपणा खरा वाटण्यासाठी बलाचा प्रतिसाद सेकंदाला सुमारे १००० वेळा द्यावा लागतो. स्पर्श देणारी यंत्रे महाग का असतात आणि तरीही त्यांतील ऊती कधीकधी रबरासारख्या का वाटतात, याचे उत्तर या आकड्यात आहे. या यंत्रांचा खरा फायदा दुसरीकडे आहे: प्रत्येक हालचालीची नोंद आपोआप होते आणि दुर्मीळ प्रसंग हवा तितक्या वेळा उभा करता येतो. शिकवणाऱ्यांचा वेळ अपुरा असेल तर हा फायदा मोठा आहे. वेळ देणारे शिक्षक असतील आणि निधी थोडा असेल, तर माझ्या मते एका यंत्राऐवजी दहा खोकी घ्यावीत.

पाचवी पायरी: सिम्युलेटरचीच परीक्षा घेणे

विद्यार्थ्याला गुण देण्याआधी त्या गुणांना अर्थ आहे का हे पाहावे. प्रथम चार-पाच अनुभवी सर्जनांकडून आणि तेवढ्याच नवख्यांकडून तीच कृती करून घ्यावी. दोघांच्या गुणांत फरक नसेल तर कृती किंवा मोजणी सदोष आहे. फरक दिसला तरी लगेच समाधान मानू नये. अनुभवी माणूस नवख्यापेक्षा सरस ठरणे ही फार खालची कसोटी आहे. नवखे विद्यार्थी आठवडाभरात केवळ वेळ वाचवण्याच्या युक्त्या शोधून सर्जनांना मागे टाकू लागले, तर सिम्युलेटर शस्त्रक्रिया नव्हे, स्वतःचाच खेळ शिकवत आहे असे समजावे. बहुधा अशा वेळी मोजणीत वेळेला जास्त आणि ऊतींना झालेल्या इजेला कमी वजन दिलेले असते.

गुणवत्तेच्या मोजणीसाठी टोरंटो येथे रिचर्ड रेझनिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात विकसित केलेली ‘ओसॅट्स’ ही श्रेणी उपयोगी आहे. ऊतींची हाताळणी, हालचालींतील काटकसर, उपकरणांची हाताळणी अशा सात मुद्द्यांना त्यात प्रत्येकी १ ते ५ गुण दिले जातात. दोन परीक्षकांनी विद्यार्थ्याचा चेहरा न दिसणाऱ्या चित्रफितीवर स्वतंत्रपणे गुण द्यावेत. त्यांच्यात वारंवार मोठा फरक पडत असेल तर विद्यार्थ्यांआधी परीक्षकांना एकत्र बसवून श्रेणीचा अर्थ ठरवून घ्यावा.

खरी कसोटी मात्र शस्त्रक्रियागृहात लागते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ निवासी डॉक्टरांचे दोन गट केले होते आणि एका गटाने व्हर्च्युअल रिॲलिटीवर तज्ज्ञांची पातळी गाठेपर्यंत सराव केला होता. खऱ्या रुग्णात पित्ताशय यकृतापासून सोडवताना सराव केलेल्या गटाला २९ टक्के कमी वेळ लागला, आणि पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजण्याची शक्यता सराव न केलेल्या गटात पाच पट होती. गट लहान होता, पण पद्धत नीट पाहावी: ‘इतके तास’ अशी अट तेथे नव्हती, पातळीची अट होती.

सहावी पायरी: पातळी ठरवणे आणि वेळापत्रक आखणे

सराव तासांत मोजू नये. काही जणांचा हात पाच फेऱ्यांत बसतो, काहींना पन्नास लागतात, आणि दोघांनाही दहा तास दिले तर एकाचा वेळ वाया जातो व दुसरा अपुरा राहतो. आपल्याच विभागातील सर्जनांची सरासरी काढून ती लक्ष्य म्हणून ठेवावी. तुलनेसाठी सांगायचे तर खुंट्यांच्या कृतीला एफएलएस परीक्षेत कमाल ३०० सेकंद असतात, आणि सरावासाठी प्रचलित असलेली प्रावीण्याची पातळी ४८ सेकंदांची आहे. यावरून ‘पूर्ण केले’ आणि ‘हात बसला’ यांतील अंतर लक्षात येते. पातळी एकदा गाठणे योगायोग असू शकतो, म्हणून ती सलग दोनदा आणि नंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठायला सांगावे.

सराव एका दमात उरकू नये. टोरंटो येथे २००६ मध्ये ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचे तेच चार वर्ग एका गटाला एका दिवसात आणि दुसऱ्याला आठवड्याला एक याप्रमाणे दिले गेले. महिन्याभराने घेतलेल्या परीक्षेत आठवड्याच्या अंतराने शिकलेला गट सरस ठरला. शनिवार-रविवारच्या कार्यशाळा लोकप्रिय आहेत, कारण त्या आयोजकांना सोयीच्या असतात. आठवड्यातून दोनदा चाळीस-पन्नास मिनिटे, ड्यूटीच्या तक्त्यात छापलेली आणि फोन दुसऱ्याकडे सोपवून मिळालेली, ही व्यवस्था कमी आकर्षक पण अधिक परिणामकारक आहे. ‘मोकळा वेळ मिळेल तेव्हा या’ असे सांगितलेल्या खोलीत कोणी येत नाही.

सुरुवातीला प्रत्येक चुकीला टोकण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. फेरी पूर्ण होऊ द्यावी, विद्यार्थ्याने स्वतःचे काय चुकले ते आधी सांगावे आणि त्यानंतर एक किंवा दोनच दुरुस्त्या सुचवाव्यात. हात चालू असताना सतत सूचना मिळाल्या तर त्या फेरीपुरते काम सुधारते, पण सूचना थांबल्या की सुधारणाही ओसरते. फेरीचे चित्रीकरण शेजारी सर्जनाच्या चित्रीकरणासह दाखवले तर बरेचसे बोलणेच वाचते.

संघाच्या रकान्यातील चुकांसाठी खोके पुरत नाही. त्यासाठी परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांना प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात एकत्र आणून अचानक रक्तस्रावासारखा प्रसंग घडवावा, आणि प्रसंगाला जेवढा वेळ लागला त्याच्या किमान दुप्पट वेळ नंतरच्या चर्चेला ठेवावा.

सातवी पायरी: शस्त्रक्रियागृहात नेणे आणि परत यादीकडे येणे

पातळी गाठलेल्या विद्यार्थ्याला संपूर्ण शस्त्रक्रिया देऊ नये. ज्या टप्प्याचा सराव झाला तेवढाच टप्पा, ज्येष्ठ सर्जन समोर उभे असताना, द्यावा. सराव आणि ती संधी यांत महिने गेले तर कौशल्य ओसरते, म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खंड पडल्यास आदल्या दिवशी खोक्यात दोन-चार फेऱ्या करून पातळी तपासावी. विभागातील ज्येष्ठांनी पातळी न गाठलेल्याला ‘असू दे, शिकेल’ म्हणून पुढे उभे केले, तर सर्व व्यवस्था एका महिन्यात मोडते. हा नियम विभागप्रमुखांनी लेखी काढावा.

शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी विद्यार्थ्याने आणि ज्येष्ठांनी कोणत्या हालचालीला हात अडखळला ते दोन ओळींत नोंदवावे. दर तीन महिन्यांनी या नोंदी पहिल्या पायरीतील यादीशेजारी ठेवाव्यात. यादीत नसलेली चूक नोंदींत वारंवार आढळली, तर तिच्यासाठी प्रतिकृती करावी. यादीत असलेली आणि सरावात सुटलेली चूक रुग्णावर पुन्हा दिसली, तर प्रतिकृती चुकीची खूण देत आहे असे धरून ती बदलावी. त्याच बैठकीत बोथट कात्र्या, ताणलेली रबरे आणि फाटलेली सिलिकोनची त्वचाही बदलून घ्यावी, कारण बोथट कात्रीने मिळालेला कमी गुण विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतो.